गॅसच्या गाडीची दुरुस्ती : परिवहन आयुक्तांस खुले पत्र

प्रति,
मा. परिवहन आयुक्त,
महाराष्ट्र राज्य

विषय : एलपीजीवर चालणाऱ्या मोटारींच्या इंधनयंत्रणेची देखभाल व दुरुस्ती

महोदय,

मोटारीत एलपीजीचे किट कोणते बसवावे, ते कोणी बसवावे आणि बसवल्यानंतर त्याची नोंद कोठे व्हावी, याविषयी आपल्या देशातील कायदा पुरेसा स्पष्ट आहे. मात्र तेच किट काही वर्षांनी बिघडल्यावर ते कोणी उघडावे, कोणत्या क्रमाने तपासावे आणि दुरुस्तीनंतर ते पुन्हा सुरक्षित झाल्याची खात्री कोणी करावी, याविषयी व्यवहारात जवळजवळ पूर्ण मोकळीक आहे. या मोकळिकीची किंमत वाहनमालक, गॅरेजात काम करणारे कारागीर आणि रस्त्यावरचे इतर लोक मोजतात. दाबाखालील ज्वलनशील इंधन वाहून नेणाऱ्या यंत्रणेची दुरुस्ती हे स्वतंत्र कौशल्य आहे, ते कौशल्य शिकवता आणि तपासता येते, आणि राज्याच्या परिवहन विभागाने ते शिकवण्याची व तपासण्याची व्यवस्था उभी करावी, एवढेच या पत्राचे म्हणणे आहे.

मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार वाहनाच्या मूळ रचनेत फेरबदल करण्यावर निर्बंध आहेत. या कलमात 2000 साली झालेल्या दुरुस्तीने एलपीजी, सीएनजी किंवा बॅटरी यांसारख्या वेगळ्या इंधनासाठी मान्यताप्राप्त किट बसवण्याची मुभा विहित अटींवर देण्यात आली. त्यापाठोपाठ 2001 साली केंद्र सरकारने मोटारींतील एलपीजीच्या वापराचे नियमन करणारा आदेश काढला. किटची चाचणी घेणाऱ्या अधिकृत संस्थांपैकी एक, म्हणजे एआरएआय, पुण्यात आहे. आणि दाबपात्रांना, म्हणजे दाबाखाली वायू साठवणाऱ्या टाक्यांना, मान्यता देणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय यंत्रणेचे मुख्यालय नागपुरात आहे. या विषयातले जाणकार शोधण्यासाठी आपल्या कार्यालयाला राज्याबाहेर जाण्याची गरज नाही, ही महाराष्ट्राच्या दृष्टीने जमेची बाजू आहे.

किट बसवून झाले, नोंदणी पुस्तकात इंधनाचा बदल नोंदला गेला, की शासनाची नजर तेथून जवळजवळ हटते. खासगी मोटारीची नोंदणी 15 वर्षांसाठी वैध असते आणि त्या काळात तिला योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागत नाही. टॅक्सी किंवा शाळेची व्हॅन यांसारख्या परिवहन वाहनांना ते आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी घ्यावे लागते. खासगी मोटार शासनमान्य केंद्रात नियमाने जाते ती फक्त पीयूसीसाठी, आणि पीयूसीची चाचणी धुरांड्यातून बाहेर पडणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन यांच्या प्रमाणावर आधारलेली असते. डिकीतील टाकीच्या झडपेशी गॅस झिरपत असेल, तर ते त्या चाचणीत कळण्याचा मार्गच नाही. टाकीची ठरावीक मुदतीने जलदाब चाचणी करून घ्यायची असते, म्हणजे टाकीत पाणी भरून ते वाढीव दाबाखाली ठेवायचे आणि टाकी फुगत किंवा गळत नाही हे पाहायचे असते. परंतु ही मुदत पाळली गेली की नाही, हे विचारणारा माणूस मालकाला सहसा भेटत नाही.

दुरुस्तीचा विचार करण्यापूर्वी या इंधनाचा स्वभाव ध्यानात घ्यावा लागतो. एलपीजी हे मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन या दोन वायूंचे मिश्रण असते. प्रोपेन उणे 42 अंश सेल्सिअसला उकळतो आणि ब्युटेन शून्याच्या किंचित खाली. म्हणून नेहमीच्या तापमानाला उघड्यावर हे दोन्ही वायुरूप असतात आणि बंद टाकीत स्वतःच्याच बाष्पदाबाखाली द्रवरूपात राहतात. द्रवाचा वायू झाला की त्याचे आकारमान सुमारे 250 पट होते. हा वायू हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असल्यामुळे गळती झाल्यावर तो वर उडून जात नाही. तो जमिनीलगत पसरतो आणि गटारात, तळघरात किंवा गॅरेजमध्ये गाडीखाली उतरून काम करण्यासाठी खणलेल्या खड्ड्यात साठून राहतो. हवेत त्याचे प्रमाण साधारण दोन ते दहा टक्के असले की एखादी ठिणगी पुरते. त्याला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती नाकाला कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे मरकॅप्टन मुद्दाम मिसळलेले असते. द्रव तापला की प्रसरण पावतो, म्हणून टाकी 80 टक्क्यांपेक्षा अधिक भरायची नसते; 60 लिटरच्या टाकीत 48 लिटरच गॅस बसतो आणि उरलेली जागा विदर्भातल्या उन्हाळ्यासारख्या दिवसांसाठी मोकळी राहते.

टाकीवर जी झडप असते तिला मल्टीव्हॉल्व्ह म्हणतात, कारण एकाच धातूच्या ठोकळ्यात तिच्याकडे अनेक कामे सोपवलेली असतात. टाकी 80 टक्के भरताच आत येणारा गॅस तरंगत्या फ्लोटच्या साहाय्याने थांबवणे, दाब प्रमाणाबाहेर वाढल्यास तो बाहेर सोडणे, नळी तुटून गॅस अचानक जोरात वाहू लागल्यास वाट बंद करणे, आणि इंजिन बंद असताना विजेवर चालणारी सोलेनॉइड झडप मिटलेली ठेवणे, ही त्यांपैकी मुख्य कामे. ज्या टाक्या स्टेपनीच्या जागी बसतात त्यांचा मल्टीव्हॉल्व्ह टाकीची उंची आणि झडप बसवण्याचा कोन यांच्या मापानेच घ्यावा लागतो; ‘त्याच कंपनीचा आहे’ म्हणून दुसऱ्या मापाचा बसवला, तर फ्लोट चुकीच्या पातळीला गॅस थांबवतो आणि 80 टक्क्यांची मर्यादा कागदावरच राहते. टाकी डिकीत असेल तर मल्टीव्हॉल्व्हवर हवाबंद डबा असतो आणि त्या डब्यातून एक जाड नळी गाडीच्या तळाला भोक पाडून बाहेर काढलेली असते, जेणेकरून झडपेतून झिरपलेला गॅस प्रवाशांच्या बाजूला न येता रस्त्यावर जावा. जुन्या गाड्यांमध्ये दुरुस्तीनंतर या डब्याचे झाकण अर्धवट आवळलेले किंवा ही नळी निसटलेली आढळते. गाडी उत्तम चालत असते, म्हणून कोणी तिकडे पाहत नाही.

टाकीतून द्रवरूप गॅस तांब्याच्या नळीने बॉनेटखाली येतो आणि फिल्टरमधून रिड्यूसरमध्ये जातो. रिड्यूसर म्हणजे द्रवाचा दाब उतरवून त्याची वाफ करणारे साधन. वाफ होताना उष्णता शोषली जाते, म्हणून इंजिनाचे गरम कूलंट, म्हणजे रेडिएटरमधले शीतकाचे पाणी, त्यातून फिरवलेले असते. पुढे दोन पद्धती होतात. जुन्या, कार्ब्युरेटर असलेल्या गाड्यांत गॅस मिक्सर नावाच्या गळ्यातून हवेत ओढला जातो. नव्या इंजेक्शनच्या गाड्यांत सिक्वेन्शियल किट असते, ज्यात प्रत्येक सिलिंडरसाठी स्वतंत्र गॅस इंजेक्टर असून त्यांचा संगणक पेट्रोलच्या मूळ संगणकाचे हिशेब वाचून गॅस सोडतो. महाराष्ट्रातल्या रस्त्यांवर अनेक वर्षे धावलेल्या मारुती ओम्नीत यांतली पहिली पद्धत मोठ्या प्रमाणावर दिसली. दुसरी पद्धत नंतरच्या मोटारींबरोबर आली. दोन्ही पद्धतींचे बिघाड वेगळे आहेत, आणि पहिल्या पद्धतीवर हात बसलेला कारागीर दुसऱ्या पद्धतीचे किट केवळ अंदाजाने उघडतो, तेव्हा अडचणींना सुरुवात होते.

निदानाचा पहिला नियम इतका साधा आहे की तो विसरला जातो : गाडी गॅसवर नीट चालत नसेल तर ती आधी पेट्रोलवर चालवून पाहावी. पेट्रोलवरही ती मिसिंग मारत असेल, म्हणजे एखादा सिलिंडर मधूनमधून पेट घेत नसेल, तर दोष गॅसच्या किटमध्ये शोधण्यात वेळ घालवू नये. प्लग, त्यांच्या वायरी, इग्निशन कॉइल, हवेच्या मार्गातील गळती आणि सिलिंडरमधले कॉम्प्रेशन यांकडे जावे. पेट्रोलवर गाडी निर्दोष आणि गॅसवर सदोष असेल तरच किटला हात लावावा. येथे एक अपवाद लक्षात ठेवावा लागतो. गॅस-हवेचे मिश्रण पेटवायला ठिणगीला अधिक विद्युतदाब लागतो, त्यामुळे झिजलेला प्लग किंवा चीर गेलेली वायर पेट्रोलवर कशीबशी निभावून नेते आणि गॅसवर लगेच उघडी पडते. म्हणून ‘फक्त गॅसवर मिसिंग’ या तक्रारीतही प्लग आणि वायरी पहिल्या तपासाव्यात, रिड्यूसर नंतर. हा क्रम न पाळल्यामुळे चांगले रिड्यूसर बदलले जातात, मालकाचे पैसे जातात आणि मूळ दोष तसाच राहतो.

गाडी पेट्रोलवरून गॅसवर जातच नसेल, तर विचाराची दिशा वेगळी. सिक्वेन्शियल किट रिड्यूसर ठरावीक तापमानाला, सर्वसाधारणपणे 30 ते 40 अंशांना, पोहोचल्याशिवाय गॅस सुरू करत नाही. तेव्हा फ्यूज, टाकीवरच्या आणि बॉनेटखालच्या सोलेनॉइडला येणारी वीज, रिड्यूसरवरचा तापमानाचा सेन्सर आणि कूलंटची पातळी यांची तपासणी पुरेशी ठरते. मीटर हाताशी असेल तर हे काम फार वेळाचे नाही.

खरा वेळ आणि खरे कसब लागते ते रिड्यूसरला. रिड्यूसरवर बाहेरून दव किंवा पांढरे हिम धरलेले दिसले, तर त्याचा अर्थ आत गरम पाणी फिरत नाही, असाच घ्यायचा : कूलंट कमी झालेले असेल, नळीत हवा अडकली असेल, थर्मोस्टॅट उघडा अडकल्यामुळे इंजिन तापतच नसेल, किंवा जुन्या गाडीत साध्या पाण्याच्या गंजाने वाट बुजली असेल. अशा स्थितीत द्रवाची पूर्ण वाफ होत नाही, थंड द्रव पुढे सरकतो, आतले रबरी पडदे कडक होतात आणि गाडी चढावर दम टाकते. थंडीत निफाडच्या परिसरात पारा एक आकडी अंशांवर उतरतो, त्या दिवसांत हा दोष ठळकपणे पुढे येतो. येथे रिड्यूसर बदलणे म्हणजे रोग सोडून रोग्याला बदलणे होय. कूलंट भरून, हवा काढून आणि थर्मोस्टॅट तपासून हे काम संपते.

रिड्यूसर उघडल्यावर जे दिसते ते प्रत्येक शिकाऊ कारागिराने एकदा तरी पाहायला हवे. गॅसमध्ये अत्यल्प प्रमाणात असलेले जड, तेलकट घटक वाफ होताना मागे राहतात आणि कालांतराने रिड्यूसरच्या तळाशी तपकिरी, चिकट, उग्र वासाचा चिखल साचतो. जुन्या पद्धतीच्या अनेक रिड्यूसरना तो काढण्यासाठी खाली बूच दिलेले असते, आणि इंजिन गरम असताना, गॅस बंद करून, ते उघडले की हा चिखल पातळ होऊन सहज ओघळतो. डायफ्राम, म्हणजे दाबाच्या चढउताराप्रमाणे हलणारा रबरी पडदा, बोटांत धरून वाकवला असता तो मऊपणे दुमडला पाहिजे; त्याच्या घडीवर बारीक भेगा दिसल्या किंवा तो कागदासारखा कडक लागला, तर तो परत बसवू नये. गॅसची झडप जेथे टेकते त्या बैठकीवर खळगा पडला असेल, तर इंजिन बंद असतानाही गॅस पुढे झिरपतो आणि सकाळी गाडी सुरू होताना खोकते. गॅस आणि कूलंट यांना विभागणारी बैठक किंवा पडदा फुटला असेल, तर कूलंटच्या टाकीत सतत बुडबुडे येतात आणि कूलंट कमी होत जाते. पुष्कळ ठिकाणी हेच लक्षण पाहून हेड गॅस्केट गेल्याचा निष्कर्ष काढला जातो आणि विनाकारण इंजिन खोलले जाते. अशा प्रकारे एकाच लक्षणाची दोन कारणे वेगळी करण्याची रीत सोपी आहे : गाडी पेट्रोलवर चालवून गॅसच्या टाकीवरची झडप हाताने बंद ठेवावी, बुडबुडे थांबले तर दोष रिड्यूसरचा, न थांबले तर इंजिनाचा.

बॅकफायर, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या मिश्रणाने उलट दिशेने पेट घेणे, हा मिक्सरच्या गाड्यांचा विशेष बिघाड आहे. या पद्धतीत हवेच्या संपूर्ण मार्गात गॅस-हवेचे मिश्रण भरलेले असते; ठिणगी कमजोर पडली, वेळ चुकली किंवा मिश्रणात गॅस कमी पडला, की सिलिंडरमधली ज्वाला झडप उघडी असताना मागे येते आणि एअर फिल्टरचा प्लास्टिकचा डबा फोडते. डबा बदलला की काम झाले, अशी समजूत रूढ आहे. ती चुकीची आहे. बॅकफायरचे कारण बहुतेक वेळा इग्निशनमध्ये असते आणि ते शोधल्याशिवाय दिलेली गाडी पुन्हा त्याच तक्रारीसाठी परत येते. ज्या जुन्या इंजिनांत एग्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठका कठीण धातूच्या नाहीत, त्यांत गॅसवर दीर्घकाळ चालल्याने त्या बैठका हळूहळू खचतात, टॅपेटमधले अंतर कमी होत जाते आणि अखेरीस व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. म्हणून अशा गाड्यांत टॅपेटचे अंतर ठरावीक मुदतीने मोजणे हा दुरुस्तीचा भाग मानला पाहिजे.

सिक्वेन्शियल किटमध्ये सर्वाधिक गैरवापर होतो तो ‘ट्यूनिंग’ या शब्दाच्या आड. पेट्रोलचा मूळ संगणक ऑक्सिजन सेन्सरचे वाचन पाहून इंधनाचे प्रमाण सतत कमी-जास्त करत असतो. या सुधारणेच्या टक्केवारीला गॅरेजच्या भाषेत फ्युएल ट्रिम म्हणतात. पेट्रोलवर ही टक्केवारी शून्याच्या आसपास आणि गॅसवर अधिक 20 च्या पुढे दिसत असेल, तर गॅस कमी पडतो आहे हे उघड आहे. तो का कमी पडतो याची कारणे अनेक : बुजलेला फिल्टर, दाब टिकवू न शकणारा रिड्यूसर, तेलकट थराने जड झालेले इंजेक्टर, ढिली झालेली रबरी नळी. लॅपटॉप जोडून गॅसच्या संगणकातल्या नकाशातले, म्हणजे केव्हा किती गॅस सोडायचा याच्या तक्त्यातले, आकडे वाढवले की गाडी त्या दिवशी सुरळीत धावते आणि कारण झाकले जाते. महिन्याभरात फिल्टर आणखी बुजला की पुन्हा आकडे वाढवले जातात. चांगला कारागीर आधी फिल्टर बदलतो, रिड्यूसरचा दाब मोजतो, आणि मिसिंग एकाच सिलिंडरवर असेल तर तेथला इंजेक्टर दुसऱ्या सिलिंडरला जोडून पाहतो. दोष इंजेक्टरबरोबर सरकला तर इंजेक्टर सदोष, जागेवर राहिला तर प्लग किंवा कॉइल सदोष. नकाशाला तो सर्वांत शेवटी हात लावतो. मालकानेही एक गोष्ट सांभाळावी लागते. गॅस स्वस्त म्हणून पेट्रोलची टाकी कायम तळाला ठेवली, तर पेट्रोलमध्ये बुडून थंड राहणारा पंप कोरडा पडून जळतो, आणि मग बिघाड गॅसच्या नावावर लिहिला जातो.

आता सुरक्षिततेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग, म्हणजे गळती. कोणताही सांधा उघडून पुन्हा आवळल्यावर तो तपासणे ऐच्छिक असू शकत नाही. टाकीची झडप उघडून यंत्रणेत दाब आणावा, साबणाचे दाट पाणी ब्रशने प्रत्येक सांध्याला सर्व बाजूंनी लावावे आणि घाई न करता पाहत राहावे. मोठी गळती फसफसते, परंतु बारीक गळती सांध्याच्या कडेला सावकाश वाढणाऱ्या एका बुडबुड्याच्या रूपाने दिसते आणि घाईत नजरेतून सुटते. काडी पेटवून गळती शोधण्याची सवय काही ठिकाणी अजून आहे, आणि ती गुन्ह्याइतकीच गंभीर मानली पाहिजे. तांब्याच्या नळीच्या टोकाला दाबून बसणारी पितळी कडी एकदा आवळून उघडली की तिचा आकार बदललेला असतो. तीच पुन्हा वापरून गळली म्हणून अधिक जोराने आवळणे हा उपाय नाही, नळीचे टोक कापून नवी कडी घालणे हा उपाय आहे. गॅसच्या गाडीवर खड्ड्यात उतरून काम करू नये, आणि काम करताना जागा मोकळ्या हवेची असावी.

यापेक्षा घातक ते हेतुपुरस्सर केलेले जुगाड. इंजिन बंद पडताच, किल्ली चालू असली तरी, गॅसचा सोलेनॉइड मिटला पाहिजे, ही या यंत्रणेची मूळ अट आहे, कारण अपघातात इंजिन बंद पडते तेव्हा किल्ली चालूच राहिलेली असते. सोलेनॉइड मधूनमधून बंद होतो म्हणून त्याला थेट किल्लीकडून वीज दिली, तर तक्रार मिटते आणि ही अटही मिटते. अधिक गॅस मावावा म्हणून फ्लोटची दांडी वाकवणे, दाबाच्या तांब्याच्या नळीऐवजी साधी रबरी नळी घालणे, गाडीला मान्य नसलेली टाकी बसवणे, ही त्याच जातीची कामे आहेत. अशी कामे करणारा कारागीर दुष्ट असतो असे नाही. त्या भागाचे काम काय, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

घरगुती सिलिंडरमधून गाडीत गॅस भरण्याचा प्रकार या विषयापासून वेगळा काढता येत नाही. 14.2 किलोचा घरगुती सिलिंडर मोटारीत वापरणे किंवा त्यातला गॅस मोटारीच्या टाकीत उतरवणे कायद्याने निषिद्ध आहे. घरगुती सिलिंडर शेगडीला वरून वाफ पुरवण्यासाठी बनवलेला असतो, तर मोटारीची टाकी इंजिनाकडे तळातून द्रव पाठवते. म्हणून सिलिंडर उलटा करून, पंप लावून द्रव काढावा लागतो, आणि हे काम बहुधा बंद गाळ्यात किंवा वस्तीतल्या शेडमध्ये होते. गळलेला जड वायू तेथेच जमिनीवर साठतो आणि पंपाच्या मोटारीची ठिणगी जवळच असते. त्या अनधिकृत जोडणीत टाकी 80 टक्क्यांवर थांबेलच असा भरवसा राहत नाही. शिवाय मोटारीच्या इंधनासाठी भारतीय मानक आयएस 14861 आणि घरगुती गॅससाठी आयएस 4576 अशी वेगळी मानके आहेत, आणि वर सांगितलेला रिड्यूसरमधला चिखल व बुजलेले फिल्टर यांचे मूळ पुष्कळदा अशा आडवाटेने भरलेल्या गॅसमध्ये सापडते. ज्या शहरांत सीएनजीचे पंप वाढले आणि ऑटो एलपीजीचे पंप दूर गेले, तेथे जुन्या गाडीच्या मालकाला हा मोह होतो, हे समजण्यासारखे आहे. परंतु ज्या व्हॅनमधून शाळेची मुले नेली जातात त्या व्हॅनच्या बाबतीत कोणतीही सबब स्वीकारता येणार नाही.

केंद्रीय नियम बदलणे आपल्या अधिकाराबाहेरचे आहे, परंतु परिवहन कार्यालयांची दैनंदिन कार्यपद्धती आपल्या हातात आहे, आणि या पत्रातील विनंत्या तेवढ्यापुरत्याच आहेत. योग्यता प्रमाणपत्रासाठी येणाऱ्या प्रत्येक एलपीजी वाहनाची, विशेषतः शालेय व्हॅनची, गळतीची चाचणी नोंदीसह व्हावी : मल्टीव्हॉल्व्हचा डबा व त्याची बाहेर जाणारी नळी, टाकीवरील मान्यतेची पट्टी व जलदाब चाचणीची तारीख, आणि इंजिन बंद केल्यावर सोलेनॉइड मिटतो की नाही, एवढे पाहण्यास निरीक्षकाला फार वेळ लागणार नाही. खासगी मोटारींसाठी हीच तपासणी पीयूसी केंद्रांत ऐच्छिक सेवा म्हणून सुरू करता येईल. गळती शोधणारे हातातले इलेक्ट्रॉनिक उपकरण महाग नाही. आयटीआयमधल्या मोटार मेकॅनिकच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला जोडून वायुइंधन यंत्रणांचा एक छोटा प्रमाणपत्र वर्ग सुरू करण्यासाठी व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाकडे आपल्या विभागाने आग्रह धरावा, आणि त्या वर्गाची दारे गॅरेजांत आज काम करत असलेल्या, फारसे न शिकलेल्या कारागिरांसाठी संध्याकाळच्या वेळी उघडी ठेवावीत. दंडाने ही माणसे आडगल्लीत जातील. प्रशिक्षणाने ती फलक लावून काम करतील. प्रशिक्षित कारागिरांची यादी प्रत्येक परिवहन कार्यालयाच्या फलकावर आणि संकेतस्थळावर मराठीत लावली जावी, आणि दुरुस्तीनंतर कोणता भाग उघडला, कोणता बदलला व गळतीची चाचणी कोणी केली हे लिहिलेली एक साधी नोंदवही गाडीबरोबर राहावी.

ही वही लहान वाटली तरी तिच्यावर बरेच अवलंबून आहे. जुनी गॅसची गाडी विकत घेणाऱ्याला आज तिच्या टाकीचे वय, रिड्यूसर शेवटचा कधी उघडला आणि मल्टीव्हॉल्व्ह मूळचा आहे की बदललेला, यांपैकी काहीही समजत नाही. त्याच्या कारागिरालाही समजत नाही, म्हणून तो प्रत्येक वेळी पहिल्यापासून अंदाज बांधतो. नोंद असेल तर निदान निम्मे झालेले असते.

आपल्या कार्यालयाने प्रारंभ म्हणून एका जिल्ह्यात, येत्या शैक्षणिक वर्षापूर्वी, एलपीजीवर चालणाऱ्या सर्व शालेय व्हॅनची गळतीची तपासणी मोफत करावी, तिचे निष्कर्ष जाहीर करावेत आणि त्यांच्या आधारे पुढील परिपत्रक काढावे, ही नम्र विनंती.